दोन नावं, एक पासपोर्ट : वसमतहून हो ची मिन्ह सिटीला

मार्चच्या मध्यात आमच्याकडं हळदीची शिजवणी ऐन भरात असते. पहाटे चारला कुकरखाली जाळ लागतो आणि दुपारपर्यंत अंगणभर, गच्चीवर, रस्त्याच्या कडेलाही हळद पसरलेली असते. अशा दिवसांत घर सोडून मी आठ दिवस बाहेर होते, तेही व्हिएतनामला. २०२५ च्या २३ मार्चला सकाळी परत आले. आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते, कारण तयारीच्या वेळी मी मराठीत शोधलं तेव्हा सहलीची वर्णनं भरपूर सापडली. शेतकरी कंपनीच्या कामासाठी, पहिल्यांदाच पासपोर्ट काढून निघालेल्या बाईला काय काय लागतं, ते मात्र कुठं मिळालं नाही.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातली. तीनशेच्या वर सभासद आहेत आणि मी संचालक मंडळात आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यानंतर बाहेरून विचारणा वाढली. त्याच वर्षी जूनमध्ये एका खरेदीदार-विक्रेता मेळाव्यात हो ची मिन्ह सिटीजवळच्या एका मसाला कारखान्याच्या खरेदी विभागातल्या बाई भेटल्या. काळ्या मिरीच्या निर्यातीत व्हिएतनाम जगात पहिला आहे, त्यामुळं मसाल्याचे मोठे कारखाने तिथं आहेत. त्या बाईंनी आमची हळकुंडं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, "बोलायचं असेल तर एकदा कारखाना बघायला या."

बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "एवढ्या लांब कशाला जायलीस बाई? फोनवर होईना का?" त्यांचं चुकत नव्हतं. पैसा सगळ्यांचा. मग मंडळात ठराव झाला : प्रवासाला ७५,००० रुपयांपर्यंत मंजुरी, पासपोर्टाचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, आणि आल्यावर सगळा हिशेब पावत्यांसकट मांडायचा. या ठरावाची प्रत जपून ठेवा. पुढं बँकेतही तीच लागते.

जायचं कुणी, हा प्रश्न आला तेव्हा इंग्रजीत मेल लिहिणारी मीच, म्हणून माझं नाव पुढं आलं. आणि माझ्या नावापाशीच गाडी अडली.

आमच्याकडं लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. माझं माहेरचं नाव चार अक्षरांचं आहे. २०११ मध्ये लग्न झालं तेव्हा ताटातल्या तांदळावर अंगठीनं दोन अक्षरी नाव लिहिलं आणि तेव्हापासून मी त्या नावाची झाले. दहावीच्या सनदेवर माहेरचं पूर्ण नाव. आधारवर सासरचं. पॅन कार्डावर सासरचं पहिलं नाव, पण मधे वडिलांचं. तेरा वर्षांत याचं कधी काही अडलं नव्हतं. रेशन, बँक, बचत गट, सगळीकडं "त्याच त्या" म्हणून काम होऊन जायचं.

१२ जुलैला पासपोर्टाचा अर्ज ऑनलाईन भरला, १,५०० रुपये फी भरली आणि नांदेडच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची २२ जुलैची वेळ मिळाली. सकाळी सव्वादहाची वेळ होती, मी नऊलाच जाऊन बसले. फोटो तिथंच काढतात, त्यामुळं फोटो काढून न्यायची गरज नाही. फक्त फिकट रंगाचे कपडे घालू नका, मागचा पडदा पांढरा असतो. बोटांचे ठसे झाले, कागद तपासायला घेतले आणि टेबलामागच्या ताईंनी सनद आणि आधार शेजारी शेजारी ठेवलं. दोन्हीवर बोट ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "या दोघी कोण?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पटतंय, पण कागदाला पटलं पाहिजे." फाईल होल्डवर गेली. लग्नाच्या नोंदणीचा दाखला आणि नाव बदलल्याचं राजपत्र, दोन्ही घेऊन या, असं सांगितलं. परतीच्या एसटीत मला रडू आलं. पैशापेक्षा वाईट याचं वाटलं, की आपण कोण आहोत हे सिद्ध करायला आपल्याकडं एकही पूर्ण कागद नाही.

कोणी म्हणेल, दहावीची सनद द्यायचीच कशाला? जन्मतारखेच्या पुराव्याला ती चालते, आणि दहावी पास असल्याचा कागद दिला की पासपोर्टावर ईसीआरचा शिक्का येत नाही. ईसीआर म्हणजे ठरावीक अठरा देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी परवानगी घ्यावी लागते तो प्रकार. व्हिएतनाम त्या यादीत नाही, पण मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया आहेत. मालाच्या बोलणीला जाणाऱ्याला त्याची अडचण नाही, तरी पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, एकदाच नीट करून घेतलेला बरा.

ऑगस्ट पूर्ण नावात गेला. गावात लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत होते, ग्रामसेवक हेच निबंधक असतात. नमुना ड हा नोंदणीचा अर्ज, नवराबायकोचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार, लग्नातला फोटो आणि लग्नपत्रिका. तेरा वर्षांपूर्वीची पत्रिका कुठं सापडणार? पण सासूबाईंनी ट्रंक उघडली. त्यांच्या लग्नातल्या शालूच्या घडीत आमची पत्रिका होती, कोपऱ्याला हळदकुंकू लागलेलं तसंच. तिच्यावर माझं माहेरचं नाव छापलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "नाव आम्ही बदललं, आता कागद आम्हीच शोधून द्यावा की." साक्षीदारांत त्यांनी आपल्या भावाला उभं केलं. उशिराच्या नोंदणीचा थोडा दंड भरला आणि आठ दिवसांत दाखला हातात पडला.

राजपत्राचा अर्ज ऑनलाईन भरता येतो. मी सेतू केंद्रातून भरला, कारण प्रतिज्ञापत्र तिथंच करून मिळालं. टायपिंग, नोटरी, फी सगळं धरून माझे साधारण १,५०० रुपये गेले. अर्जात जुनं नाव आणि नवं नाव लिहिताना एकेक अक्षर आधारशी ताडून बघा, मराठीतही आणि इंग्रजीतही. आमच्या आडनावात इंग्रजीत एक 'ए' जास्त की कमी, यावर मी आणि सेतूवाला मुलगा अर्धा तास बसलो होतो. सप्टेंबरात राजपत्रात नाव छापून आलं, त्याची डिजिटल सहीची प्रत मिळाली. मग लगेच पॅन दुरुस्त करून घेतलं, त्याला १०७ रुपये लागले.

आणखी एक गोष्ट याच काळात कळली. माझ्या आधारला मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला होता. ते शेतात आणि मी सेतूत, ओटीपी येणार त्यांच्या फोनवर, आणि रानात रेंज नाही. दोनदा अर्ज अर्ध्यावर सुटला. बायकांनो, बाकी काही करायच्या आधी आधारला, बँकेला आणि मेलला स्वतःचा नंबर जोडून घ्या. पुढची निम्मी कटकट तिथंच वाचते.

३० सप्टेंबरला परत नांदेड. त्याच ताई होत्या. त्यांनी चारही कागद एका ओळीत लावले, खालून वर पाहिलं आणि "आता झाली एक बाई" म्हणून हसल्या. ९ ऑक्टोबरला पोलीस पडताळणीसाठी ठाण्यात बोलावलं. आधार, लाईट बिल, दोन फोटो, आणि परदेशी कशासाठी जाताय हा एकच प्रश्न. २१ ऑक्टोबरला पोस्टमनकाका स्पीड पोस्ट घेऊन दारात आले. अर्ज भरल्यापासून तीन महिने नऊ दिवस. दिवाळीच्या पूजेत सासूबाईंनी तो वहीखात्यांच्या शेजारी ठेवला.

कंपनीचे कागद त्या मानानं सरळ झाले. आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी कंपनीच्या पॅनवर मिळतो, फी ५०० रुपये, दोन-तीन दिवसांत निघाला. मसाल्याच्या निर्यातीला स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी वेगळी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून ती नोव्हेंबरातच टाकली. अन्नसुरक्षेचा परवाना आमच्याकडं होताच.

डिसेंबरात हळदीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले. त्याला ७,५०० रुपये लागले. करक्युमीन (हळदीतला पिवळा घटक), ओलावा, शिसं आणि इतर जड धातू, कीडनाशकांचे अंश, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), एवढ्या चाचण्या खरेदीदारानं मागितल्या होत्या. शिशाची चाचणी का, असं आमच्या एका सभासदानं विचारलं. हळदीला चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग चोळतात, तो विषारी असतो, म्हणून परदेशी खरेदीदार आधी तेच तपासतात. आपण नुसत्या ढोलात घासून पॉलिश करतो. मग अहवाल दाखवायला भ्यायचं कशाला? पण अहवालावर लॉट नंबर, म्हणजे नमुना मालाच्या कुठल्या ढिगातला तो आकडा, घालून घ्या. आमच्या पहिल्या अहवालावर तो नव्हता, तो परत करून घ्यावा लागला.

३ जानेवारीला व्हिएतनामहून निरोप आला : या, पण टेट झाल्यावर. टेट म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होतं. त्याच्या आधी आणि नंतर कचेऱ्या, कारखाने, गोदामं बंद असतात आणि माणसं आपापल्या गावाला जातात, आपल्याकडं दिवाळीत जातात तशीच. दुसऱ्या वर्षाचं कोणी ठरवत असेल तर तारीख आधी बघून घ्या, ती बदलते : २०२६ चं टेट १७ फेब्रुवारीचं. फेब्रुवारीचा शेवट त्यांना सोयीचा होता, पण आमची काढणी ऐन रंगात होती. मी खरं तेच कळवलं, की तेव्हा शेतात हळद निघत असते, पंधरा मार्चनंतर जमेल. त्यांनी उलट लिहिलं, "मग शिजवणीचा व्हिडिओ घेऊन या." १७ ते २१ मार्च ठरलं.

नमुने सामानात न्यायचे की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, दोन किलोची पिशवी बॅगेत टाक आणि जा. मी विचारून घेतलं, तर खरेदीदारानं स्पष्ट सांगितलं की सामानात आणू नका, शेतमालाला रोपसंगरोधाचे (रोग-कीड नसल्याचे) कागद लागतात, विमानतळावर अडेल. त्यापेक्षा कागदांसह कुरिअरनं आमच्या नावे आधी पाठवा. टेटच्या आधी पाठवलं असतं तर गोदामात पडून राहिलं असतं, म्हणून १० फेब्रुवारीला पाठवलं. ६,२०० रुपये लागले. हळकुंडं दोन लॉटची आणि पूड एका लॉटची.

तिकीट ८ फेब्रुवारीला काढलं, मुंबई ते हो ची मिन्ह सिटी थेट विमान, जाऊन येऊन २७,४०० रुपये. व्हिसा आधी आणि तिकीट नंतर, हा क्रम जास्त सुरक्षित. मी उलटं केलं, कारण शिजवणीला मजूर सांगायचे होते आणि तारीख पक्की हवी होती. त्याची झळ पुढं बसली.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा देतात. एकदा प्रवेशाचा असेल तर २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा असेल तर ५० डॉलर. पासपोर्ट किमान सहा महिने तरी वैध हवा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट व्हीएन' आहे ना, ते नीट बघा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट पुष्कळ आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. चष्मा न लावता काढलेला समोरून फोटो, पासपोर्टाच्या पहिल्या पानाची स्वच्छ प्रत, राहण्याचा पत्ता, कुठल्या विमानतळावर उतरणार ते (माझं तान सोन न्यात), आणि कामासाठी जात असाल तर तिथल्या कंपनीचं नाव-पत्ता. निमंत्रणपत्र आधीच मागवून ठेवलं होतं, ते समोर ठेवून भरलं.

२० फेब्रुवारीला फॉर्म भरून झाला आणि पैसे भरताना कार्ड चालेना. तीनदा नाकारलं. बँकेत फोन केल्यावर कळलं की कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते स्वतः सुरू करावे लागतात. कामाच्या दिवशी, बँक उघडी असताना पैसे भरायला बसा, म्हणजे विचारायला कोणीतरी असतं. अखेर भरले गेले, बँकेचं कमिशन धरून २,२५० रुपये.

२६ तारखेला व्हिसा आला. घरात पेढे वाटायचेच बाकी होते. पुतण्या परभणीला कॉलेजात आहे, तो सुट्टीला आलेला. त्यानं पासपोर्ट आणि व्हिसाचा कागद घेतला आणि सहज म्हणाला, "काकू, काकांचं नाव कुठंय यात?"

पासपोर्टावर माझ्या पहिल्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे, दोन्ही मिळून 'गिव्हन नेम'. फॉर्म भरताना मी सवयीनं नुसतं पहिलं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. तीन महिने ज्या नावाच्या मागं धावले, तेच मी स्वतःच्या हातानं अर्धं लिहिलं. पासपोर्टशी जुळत नसेल तर विमानात बसू देत नाहीत, हे बऱ्याच जणांनी सांगितलं. झालेली फी परत मिळत नाही. २७ ला नवा अर्ज भरला, या वेळी पासपोर्टाच्या तळाशी त्या बाणांच्या खुणांच्या दोन ओळी असतात ना, त्यावर बघून एकेक अक्षर टाकलं, आणि पुतण्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदाचे २,२५० मी माझ्या खिशातून भरले, चूक माझी होती. विमान १६ मार्चच्या रात्रीचं आणि ५ मार्चला बरोबर व्हिसा आला. मधले सहा दिवस जेवण गेलं नाही. त्याच्या तीन प्रती काढल्या : एक पर्समध्ये, एक बॅगेत, एक घरी.

पैशांचं असं : व्हिएतनामचं चलन डोंग, ते आपल्या जिल्ह्यात मिळत नाही. मी नांदेडहून ४०० डॉलर घेतले, नव्या, न मुडपलेल्या नोटा मागून घेतल्या, कारण चुरगळलेल्या नोटा तिथं नाकारतात. उरलेल्यासाठी कार्ड. तेव्हा एका डॉलरला साधारण पंचवीस हजार डोंग मिळत होते, म्हणजे एका रुपयाला तीनशेच्या आतबाहेर. पहिल्याच दिवशी हातात लाखांच्या नोटा आल्या की गोंधळ होतो. मी वहीत एक तक्ता लिहून नेला होता : पन्नास हजार म्हणजे साधारण पावणेदोनशे रुपये, एक लाख म्हणजे साडेतीनशे, पाच लाख म्हणजे सतराशे. तो तक्ता रोज उपयोगी पडला. प्रवास विमा ८७० रुपयांत झाला.

निघायच्या आधीचे आठ दिवस मी घरची यादी करत होते. कुकरला जळण किती, कुठला लॉट कुठल्या गच्चीवर, मजुरांची हजेरी कुठल्या वहीत. लॉट मिसळले तर माझ्या हातातले अहवाल वाया गेले असते, म्हणून प्रत्येक ढिगाजवळ पाटी लावून गेले. सोन्याचं गंठण घरी ठेवलं, काळी पोत घातली. सामानात तीन साड्या, दोन पंजाबी ड्रेस, गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि सासूबाईंनी बांधून दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट.

१५ मार्चला, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पूर्णा स्टेशनवरून देवगिरी एक्सप्रेस. सकाळी कल्याणला उतरून डोंबिवलीला मावसबहिणीकडं अंघोळ-जेवण. विमान रात्रीचं असलं तरी मराठवाड्यातून एक दिवस हातचा ठेवूनच निघा, गाडी चार तास लेट झाली तर जीव टांगणीला लागत नाही. विमानतळावर तीन तास आधी पोचले. हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा होती, काट्यावर साडेसात भरली. धपाट्यांचा एक डबा मावसबहिणीबरोबर परत पाठवला.

इमिग्रेशनच्या खिडकीत साहेबांनी विचारलं, कुठं, कशाला, किती दिवस. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, ठरावाची प्रत, सगळं एका फायलीत क्रमानं लावलेलं होतं. त्यांनी ठराव वाचला. "हळद?" म्हणाले, आणि शिक्का मारला. विमानात मी पहिल्यांदाच बसले. खिडकीजवळची जागा होती, पण रात्र होती, मुंबईचे दिवे मागं पडल्यावर काही दिसलं नाही.

साडेपाच तासांनी उतरलो. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास पुढं. आगमनाचं कार्ड वगैरे भरावं लागलं नाही, पण रांग मोठी, मला पाऊण तास लागला. ई-व्हिसाची छापील प्रत मागितली, फोनवरची नव्हे. बाहेर आल्यावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं आणि ग्रॅब ॲपवरून गाडी बोलावली. भाडं आधी दिसतं, त्यामुळं घासाघीस नाही. आपल्या चार्जरची दोन पिनांची बारीक पिन तिथं बसते, तीन पिनांची बसत नाही. ऊन आपल्याइतकंच, पण दमट. रस्त्यावर दुचाक्यांचा लोंढा. ओलांडायचं तर थांबायचं नाही आणि पळायचंही नाही, एका चालीनं चालत राहायचं, त्या आपल्याला वळसा घालून जातात.

शाकाहाराची काळजी होती. तिथं शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. दुकानाच्या पाटीवर तो शब्द दिसला की आत जायचं. नाहीतर साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो. पहिल्या संध्याकाळी अशाच एका खानावळीत 'बान्ह सेओ' मागवलं. तांदळाच्या पिठाचं मोठं, कडेला कुरकुरीत धिरडं, आत मोड आलेले मूग आणि भाज्या. आणि रंग? आपल्या धिरड्यासारखा पिवळाधम्मक, कारण त्यात हळद. बाईंना मी विचारलं, त्यांनी ओट्याखालून बरणी काढून दाखवली. हळदीला 'न्घे' म्हणतात. बरणी नाकाजवळ नेली आणि घरचा वास आला. गेल्या नऊ महिन्यांत पहिल्यांदा वाटलं, आपण योग्य ठिकाणी आलोय.

१८ आणि १९ तारीख कारखान्यात गेली. कारखाना शहराच्या उत्तरेला तेव्हाच्या बिन्ह जुओंग प्रांतात, गाडीनं दीड तास. भेटताना कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, घेताना वाचायचं, लगेच पर्समध्ये टाकायचं नाही. त्यांच्यात आडनाव आधी आणि स्वतःचं नाव शेवटी येतं, आणि हाक मारतात ती शेवटच्या नावानं. मला ते लगेच लक्षात राहिलं.

आमचे नमुने टेबलावर मांडलेले होते. खरेदी विभागाच्या बाईंनी एक हळकुंड उचललं, दोन्ही हातांनी मोडलं. कट्कन, धातूसारखा आवाज आला. नीट वाळलेल्या हळदीचा तो आवाज आमच्याकडं लहान पोरांनाही ओळखता येतो. त्यांनी मोडलेली बाजू खिडकीकडं धरली, आतला केशरी रंग पाहिला, अंगठ्यानं चोळला आणि तो अंगठा मला दाखवला. मग म्हणाल्या, "आवाज चांगला आहे." इतक्या लांब येऊन आपल्याच खळ्यावरचं बोलणं ऐकायला मिळालं.

प्रश्न मात्र पुष्कळ आणि बारीक होते. भाव मी दोन प्रकारे काढून नेला होता : न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढवून, आणि भाडं-विमा धरून तिथल्या कात लाई बंदरापर्यंत. हे बरं केलं, कारण त्यांनी दोन्ही विचारले. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी भारताच्या असलेल्या व्यापार करारातली जकातीची सवलत हवी असेल तर 'फॉर्म एआय' नावाचं मूळ देशाचं प्रमाणपत्र लागतं, तेही माहीत होतं. पण वाफेनं निर्जंतुकीकरण करता का, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही करत नाही. तसंच सांगितलं आणि वहीत लिहून घेतलं. शिजवणीचा व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला. सासरे कुकरचं झाकण उघडतायत आणि वाफेत दिसेनासे होतायत, तिथं त्यांनी थांबवून पाणी कुठलं वापरता ते विचारलं. त्याचाही अहवाल हवा आहे.

२० तारखेला बिन्ह ताय बाजार पाहिला, शहराच्या चो लोन भागातला. मसाल्यांची ठोक दुकानं आहेत. २१ ला परत. २२ च्या रात्री देवगिरी आणि २३ ला सकाळी पूर्णा.

ऑर्डर मिळाली का, हे सगळे विचारतात. अजून नाही. नव्या हंगामाच्या तीन लॉटचे नमुने, पाण्याचा अहवाल आणि निर्जंतुकीकरणाची सोय, एवढं त्यांनी मागितलंय. ते झालं तर आधी छोटी खेप. पाडव्याच्या आदल्या दिवशी बैठकीत हिशेब मांडला. तिकीट, हॉटेलच्या चार रात्रींचे ९,२००, एक व्हिसा, विमा, चाचण्या, कुरिअर, तिथलं जेवण-गाड्या ९,००० आणि रेल्वे वगैरे २,००० धरून ६४,४२० रुपये झाले. राहिलेले १०,५८० कंपनीच्या खात्यात भरले, पावती फायलीला लावली. फोनवर होईना का म्हणणाऱ्या काकांनी पाण्याच्या चाचणीसाठी स्वतःच्या विहिरीचं पाणी आधी न्या म्हणून सांगितलं.

पुढच्या वेळी माझ्याबरोबर मंडळातल्या दुसऱ्या ताईही येणार आहेत. परवा त्यांचे कागद काढून बसलो होतो. त्यांचंही नाव दोन जागी दोन तऱ्हेचं आहे, त्याचा राजपत्राचा अर्ज भरून टाकला. पण शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर जन्मतारीखही वेगळी निघाली. सोमवारी त्यांच्या माहेरच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघायचं ठरलंय.